रॉकेट खासगी, पण पहिलं गिऱ्हाईक कोण?

स्पेसएक्सचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, मस्कने सगळं स्वतःच्या खिशातून उभं केलं. दुसरा म्हणतो, छे, सगळा सरकारचा पैसा. मला दोघांचंही पटत नाही. पैसा कुठल्या अटींवर मिळाला, हे कोणी बघतच नाही.

२००६ साली नासाने अवकाश स्थानकाला माल पोचवणारी यानं बनवायला दोन कंपन्या निवडल्या. स्पेसएक्सला २७.८ कोटी डॉलर, रॉकेटप्लेन किस्लरला २०.७ कोटी. रक्कम एकगठ्ठा हातात नाही. टप्पा पार पडला तर त्याचे ठरलेले पैसे, नाहीतर छदाम नाही, आणि खर्च वाढला तर तो कंपनीच्या माथी. त्यात बाहेरून भांडवल उभं करणं हाही एक टप्पा होता. किस्लरला ते जमलं नाही. सुमारे ३.२ कोटी दिल्यावर २००७ मध्ये नासाने करार मोडला आणि पुढच्या वर्षी १७ कोटी ऑर्बिटल सायन्सेसला देऊ केले. त्यांचं सिग्नस यान २०१३ मध्ये स्थानकाला पोचलंसुद्धा!

स्पेसएक्सही बुडायच्या बेतात होती. मस्कने सुमारे १० कोटी डॉलर ओतले होते आणि ऑगस्ट २००८ पर्यंत तिचं पहिलं रॉकेट फाल्कन-१ तीनदा कोसळलं होतं. चौथं रॉकेट घाईघाईने लष्करी मालवाहू विमानातून प्रशांत महासागरातल्या क्वाजालीन बेटावर, उड्डाणाच्या जागी, नेताना, विमान खाली उतरू लागलं तसा बाहेरच्या हवेचा दाब वाढला आणि टाकीचा पत्रा आत चेपू लागला. विमानातल्या लोकांनी धडपडून टाकीत हवा सोडली, म्हणून ते वाचलं. त्यावर कुणाचा उपग्रहही नव्हता, १६५ किलोचं नुसतं वजन होतं. २८ सप्टेंबरला ते कक्षेत गेलं. २३ डिसेंबरला नासाने १२ फेऱ्यांचं १६० कोटी डॉलरचं कंत्राट दिलं, तेही एकदाही न उडालेल्या फाल्कन-९ रॉकेट आणि ड्रॅगन यानासाठी.

माझ्या मते खरी कळ इथे आहे. हातात पक्की ऑर्डर असली की गुंतवणूकदाराशी बोलता येतं. बेझोसची गोष्ट निराळी. ब्लू ओरिजिन या आपल्या रॉकेट कंपनीसाठी दरवर्षी सुमारे १०० कोटी डॉलरचे अॅमेझॉनचे शेअर विकतो, असं तो २०१७ मध्ये म्हणाला होता. ते किती जणांना परवडणार?

आपल्याकडे ऑक्टोबर २०२४ मध्ये अवकाश स्टार्टअपसाठी १००० कोटी रुपयांचा निधी मंजूर झाला. मनापासून आनंद झाला. पण स्कायरूट, अग्निकुलसारख्या रॉकेट बनवणाऱ्या कंपन्यांना भांडवलाइतकीच आगाऊ मागणीही द्या. इतके किलो, इतक्या उंचीवर, इतक्या किमतीत, पैसे टप्प्याटप्प्याने. आणि टप्पा चुकला तर करार मोडून उरलेले पैसे दुसऱ्या कंपनीला देता येतील, हेही त्याच करारात लिहून ठेवा.