‘पॅलिएटिव्ह लावलं आणि माणूस गेला’: एका फॉरवर्डला उत्तर

फोनवर फिरणारा तो लांबलचक संदेश तुमच्यापर्यंतही आला असेल. विषय पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे गंभीर आजारात वेदना आणि इतर त्रास कमी करणाऱ्या सेवेचा. संदेशाचं सार असं: ही सेवा म्हणजे डॉक्टरांनी हात वर केल्याची खूण. ती सुरू झाली की उपचार बंद होतात आणि माणूस आठवड्या-दोन आठवड्यांत जातो. मॉर्फिन, हे तीव्र वेदनांवरचं औषध, म्हणजे मारायचंच औषध. सलाइन काढून रुग्णाला तहानेनं मारतात. रुग्णाला खरं सांगितलं की तो तिथंच खचतो. आणि शेवटी ठळक अक्षरांत, ‘कुठल्याही कागदावर सही करू नका.’

लिहिणाऱ्यानं घरातलं कुणीतरी गमावलं असावं, असं वाचताना सारखं वाटत राहतं. त्यामुळे खिल्ली उडवायची नाही. पण यातले बरेचसे दावे तपासता येण्यासारखे आहेत आणि ते तपासले गेले आहेत.

आधी ते ‘आठवड्या-दोन आठवड्यांत’ घेऊ, कारण बाकीची भीती तिथूनच उगवते. लेखकानं जे पाहिलं ते खोटं नाही. पॅलिएटिव्ह टीम आली आणि थोड्याच दिवसांत माणूस गेला, हे खूप घरांनी पाहिलेलं आहे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, असं आपण म्हणतो. इथं मात्र तेवढाही योगायोग नाही, कारण फांदी कडाडल्यावरच कावळ्याला बोलावलं जातं. या टीमकडे रुग्ण पाठवतातच मुळी फार उशिरा.

उशीर का होतो, याचं एक उत्तर २००० साली प्रसिद्ध झालेल्या शिकागोतल्या अभ्यासात सापडतं. हॉस्पिसमध्ये, म्हणजे आयुष्याच्या अखेरच्या काळातल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या सेवेत, दाखल होणाऱ्या ४६८ रुग्णांबद्दल त्यांच्या डॉक्टरांना विचारलं होतं, ‘हे किती दिवस जगतील?’ जेमतेम २० टक्के अंदाज बरोबर निघाले, ६३ टक्के वेळा डॉक्टरांनी जास्त आयुष्य धरलं होतं. एकूण हिशेब केला तर अंदाज प्रत्यक्षाच्या पाचपटीहून अधिक. आणि डॉक्टर-रुग्णाची ओळख जितकी जुनी, तितका अंदाज जास्त चुकलेला. जीव जडलेल्या माणसाबद्दल वाईट बोलवत नाही, हे डॉक्टरांनाही लागू आहे.

मग आधी-नंतरचा हा गुंता सोडवायचा कसा? चिठ्ठ्या टाकून गट पाडायचे आणि एका गटाला ही सेवा आजाराच्या सुरुवातीलाच द्यायची. बोस्टनमध्ये जेनिफर टेमेल आणि सहकाऱ्यांनी हेच केलं. निष्कर्ष २०१० मध्ये छापून आले. फुफ्फुसाचा पसरलेला कर्करोग नुकताच कळलेले १५१ रुग्ण. कर्करोगाचे नेहमीचे उपचार दोन्ही गटांना मिळत होते, एका गटाला जोडीला पॅलिएटिव्ह टीम. त्या गटाचा मध्यक जीवनकाळ (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) ११.६ महिने निघाला, दुसऱ्याचा ८.९. नैराश्याची लक्षणं १६ टक्के रुग्णांत, दुसरीकडे ३८ टक्क्यांत. अखेरच्या काळातली आक्रमक उपचारांची धावपळही पहिल्या गटात कमी होती आणि तरी माणसं लवकर गेली नाहीत.

आता पॅलिएटिव्हच्या समर्थकांचाही कान धरायला हवा. हा एकच अभ्यास दाखवून ‘यानं आयुष्य वाढतं’ असं सांगत सुटणारे बरेच आहेत. २०१६ मध्ये असे ४३ प्रयोग एकत्र मांडून पाहिले गेले. जगण्याचा दर्जा सुधारतो, लक्षणांचा त्रास कमी होतो, हे त्यात दिसलं. आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. घटल्याचंही नाही. संदेशाला उत्तर द्यायला एवढं पुरेसं आहे. फुगवून सांगायची गरज नाही.

‘उपचार बंद होतात’ याचं उत्तर वर आलंच. फक्त एक भर घालतो: जगात ज्यांना या सेवेची गरज आहे, त्यांतले निम्म्याहून अधिक कर्करोगाचे रुग्ण नाहीतच. हृदय, फुफ्फुसं यांचे जुनाट आजार असलेली ही माणसं, आपापली औषधं घेत असलेली.

मॉर्फिन. हे औषध चुकीच्या मात्रेत जीव घेऊ शकतं, हे खरंच आहे, आणि म्हणूनच ते लहान मात्रेपासून सुरू करून, दुखणं बघत बघत वाढवतात. सिसिली साँडर्स या डॉक्टरांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट क्रिस्टोफर हॉस्पिस उघडलं, त्याच्या आधीपासून त्या एक साधी गोष्ट सांगत होत्या: वेदना असह्य झाल्यावर डोस देऊ नका, ती परतायच्या आत घड्याळ लावून द्या. या पद्धतीत रुग्ण दिवसभर झोपून राहत नाही. सुरुवातीची ग्लानी बहुधा काही दिवसांत ओसरते. चिवट त्रास बद्धकोष्ठतेचा असतो. (त्याबद्दल भीतीचे फॉरवर्ड कुणी लिहीत नाही.) मॉर्फिन रामबाण आहे, असंही नाही. सीओपीडीच्या (श्वासनलिका अरुंद होण्याच्या फुफ्फुसाच्या जुनाट आजाराच्या) रुग्णांची जुनी धाप कमी मात्रेतल्या मॉर्फिननं हटते का, हे २०२२ च्या एका प्रयोगात पाहिलं, तर मॉर्फिनची गोळी आणि औषध नसलेली नुसती गोळी यांत ठोस फरक निघाला नाही.

सलाइनचा मुद्दा मला सगळ्यांत अवघड वाटतो, कारण तिथं आकड्यांशी नव्हे, तहानेच्या कल्पनेशी बोलायचं असतं. आपलं माणूस पाणी मागतंय आणि आपण देत नाही, हे चित्र सहन होत नाही. प्रयोग काय सांगतो? २०१३ साली एदुआर्दो ब्रुएरा यांच्या गटानं हॉस्पिसमधल्या १२९ कर्करोगींना चिठ्ठ्या टाकून रोज एक लिटर किंवा फक्त १०० मिलिलिटर सलाइन दिलं. कुणाला किती, हे रुग्णाला ठाऊक नव्हतं. थकवा, ग्लानी, भास, जगण्याचा काळ, कशातच ठोस फरक पडला नाही. पण ज्यांना तीव्र निर्जलीकरण होतं त्यांना या अभ्यासात घेतलंच नव्हतं. उलट्या-जुलाबांनी सुकलेल्या माणसाला हा निष्कर्ष लावू नये. आणि ओल्या बोळ्यानं ओठ-जीभ भिजवत राहणं, गिळता येतंय तोवर चमच्यानं पाणी देणं, हे कुणीही थांबवायला सांगत नाही.

संदेशातल्या या भीतीला एक खरा आधारही आहे. ब्रिटनमध्ये ‘लिव्हरपूल केअर पाथवे’ नावाची पद्धत होती, अखेरच्या दिवसांची काळजी कशी घ्यावी याची. काही रुग्णालयांत ती नुसत्या खुणा करायच्या कागदावर आली. नातेवाइकांना न सांगता रुग्ण तीत घातले गेले, पाणी मागणाऱ्यांना नाकारलं गेलं. जूलिया न्यूबर्गर यांच्या समितीनं २०१३ मध्ये हे उघड मांडलं आणि पद्धत गुंडाळली गेली. तेव्हा ‘असं कधी होतच नाही’ म्हणणारा डॉक्टरही चूक.

राहिलं खचण्याचं. सांगणं न सांगण्यापेक्षा बरं, हे टेमेल यांच्या नैराश्याच्या आकड्यांवरून सरळ सिद्ध होत नाही, कारण तिथं बोलण्यासोबत पुष्कळ काही दिलं होतं. पण मौनानं रुग्ण वाचतो, असंही नाही; गैरसमज मात्र तसाच राहू शकतो. २०१२ च्या एका अमेरिकी पाहणीत, पसरलेल्या फुफ्फुसाच्या कर्करोगासाठी केमो घेणाऱ्या ६९ टक्के रुग्णांना, या केमोनं आजार बरा होणार नाही हे उमगलेलं नव्हतं. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात ८१ टक्क्यांना. कसं सांगायचं, हा मात्र नाजूक भाग आहे. आयसीयूतल्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी पॅलिएटिव्ह तज्ज्ञांनी मुद्दाम बैठका घेतल्या, तर त्यांची चिंता कमी झाली नाही, उलट आघातोत्तर ताणाची (मोठ्या धक्क्यानंतर मनावर राहणाऱ्या ताणाची) लक्षणं थोडी वाढली, असं २०१६ च्या प्रयोगात दिसलं. अनोळखी माणसानं येऊन एकदाच बोलून जाणं आणि ओळखीच्या टीमनं महिनोन् महिने बोलत राहणं, यांत फरक असावा, असं मला वाटतं.

आणि ती सही. पॅलिएटिव्ह टीमला भेटायचं आणि हृदय बंद पडल्यास ते पुन्हा चालू करायचा प्रयत्न करू नये हे ठरवायचं, हे दोन वेगळे निर्णय आहेत. पहिला घेतला म्हणून दुसरा आपोआप होत नाही. कागद समोर आला तर विचारा: यानं नेमकं काय थांबतं, काय चालू राहतं, निर्णय नंतर बदलता येतो का, आणि रात्री दुखलं तर फोन कुणाला करायचा? उत्तरं नीट मिळेपर्यंत सही करू नका. एवढ्यापुरतं त्या संदेशाशी माझं भांडण नाही.