वरूनच मंदी हाये

घरात कापूस भरलेला असला की झोप लागत नाही. एक कारण बाजारभावाची काळजी, दुसरं खाज. आमच्याकडे, यवतमाळ जिल्ह्यात, दिवाळीनंतर पुढची खोली आढ्यापर्यंत कापसानं भरते. काकाजी त्याला टेकून बसतात आणि दंड खाजवत एकच प्रश्न विचारतात, "भाव काहून पडले बे?"

व्यापाऱ्याचं उत्तर ठरलेलं असतं, "वरूनच मंदी हाये." हे 'वर' कुठं आहे ते शोधायचं काम माझ्यावर आलं, कारण घराण्यात बी.कॉम. मी एकटा. कॉलेजात मला ताळेबंद जुळवायला शिकवलं होतं, काकाजींची समजूत घालायला नाही.

शोधता शोधता मी न्यूयॉर्कच्या वायदेबाजारापर्यंत पोचलो. तिथं भाव बोलतात पौंडाला सेंटमध्ये. मुंबईच्या एमसीएक्स या वायदेबाजारात खंडीत, आणि खंडी म्हणजे 356 किलो. गाठ 170 किलोची. आमचा माल क्विंटलनं. त्यातून हे बाजारातले भाव रुईचे, म्हणजे बी काढलेल्या कापसाचे, आणि क्विंटलभर कापसातून रुई निघते जेमतेम 34-35 किलो, बाकी सरकी, म्हणजे बी. डॉलरचा रुपया करताना मोबाइल तापला, काकाजी त्याआधीच तापले होते.

"म्हंजे आपला भाव अमेरिकेत ठरते?"

"तिथं, आणि दिल्लीतही." ऑगस्ट 2025 मध्ये केंद्रानं कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काही महिन्यांसाठी उठवून बाहेरच्या स्वस्त कापसाला वाट दिली, तेव्हा आमच्या पऱ्हाटीला, म्हणजे कापसाच्या झाडाला, नुसती पात्या-फुलं होती. काकाजी म्हणाले, "मालाच्या आधी मंदी आली म्हना ना."

वायदा समजावताना माझी खरी परीक्षा झाली. मार्चमध्ये द्यायचा माल आज ठरलेल्या भावात आजच विकून टाकायचा, म्हणजे पुढं भाव पडले तरी धक्का बसत नाही, असं मी अगदी पुस्तकातल्यासारखं सांगितलं.

"घरात नसलेला माल इकाचा?"

"हो."

"आपल्या इकडं याले चारशेवीसी म्हन्ते."

बाजारांवर नजर ठेवणाऱ्या सेबी या सरकारी संस्थेलाही वायद्याचा संशय येत असावा. डिसेंबर 2021 मध्ये तिनं सोयाबीन, हरभऱ्यासह सात मालांचे वायदे वर्षभरासाठी थांबवले, आणि ते वर्ष पुढं लांबतच गेलं. हे ऐकून काकाजी खूश झाले, पण घटकाभरच. "मंग सोयाबीन चढलं काय?" नाही चढलं. उलट उतरलं. "मंग वायद्याचा का गुन्हा?" या प्रश्नावर मोठमोठे तज्ज्ञ चर्चासत्रं भरवतात. मी चहा मागवला.

हमीभाव त्यांना पाठ आहे: लांब धाग्याला 2025-26 साठी क्विंटलला 8110 रुपये. पण सरकारी खरेदीत ओलावा 8 टक्क्यांवर गेला की पैसे कटतात, 12 च्या वर गेला की गाडी परत. "माह्या अंगातच याच्याहून जास्त ओल हाये," काकाजी म्हणतात, आणि गाडी व्यापाऱ्याकडं वळते.

त्या दिवशी मी तयारीनं गेलो. व्यापाऱ्यानं गंजीत कोपरापर्यंत हात घातला, मूठभर कापूस काढून दाबला, नख लावून सरकी मोडली आणि म्हणाला, "सात हजार."

मी मोबाइल पुढं केला. "न्यूयॉर्क आज हिरवं आहे."

त्यानं बघितलंही नाही. "रुईचं सोडा. सरकी मंदी हाये ना काकाजी."

काकाजींनी माझ्याकडं पाहिलं. सरकीचा धडा आमचा झालेला होता, त्यामुळं बोलायला जागा नव्हती. काटा झाला, हमाली-तोलाई कटली, पैसे मिळाले.

येताना म्हशीसाठी सरकीची ढेप घ्यायला थांबलो. दुकानदारानं पोत्याचा भाव सांगितला, तो गेल्या खेपेपेक्षा चढलेला.

"सरकी तं मंदी हाये म्हन्ते," काकाजी म्हणाले.

"सरकी मंदी असंन. पन ढेप वरूनच तेज हाये, काकाजी."

काकाजींनी पैसे मोजले, पोतं गाडीत टाकलं आणि मला विचारलं, "काहून बे, न्यूयॉर्कात म्हशी किती हायेत?"