थकलेल्या माणसाला ‘तुझी श्रद्धा कमी’ म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

एक मेसेज जोरात फिरतोय. ‘थकवा शरीराला येत नाही, श्रद्धा कमी पडली की येतो. खरा भक्त कधी थकत नाही. 21 दिवस सगळ्या गोळ्या बाजूला ठेवा, पहाटे तीनला उठून नामजप करा, कुणापुढे रडू नका, कुणाकडे मदत मागू नका, फक्त त्याला शरण जा. विज्ञानानेही हे मान्य केलं आहे.’ खाली जोडलेले हात आणि अकरा जणांना पाठवायचा हुकूम.

एरवी मी असलं वाचून पुढे सरकते. पण हा माझ्या मावशीपर्यंत पोचला. काका अंथरुणाला खिळलेत, रात्रीतून दोन-तीनदा त्यांना कुशीवर वळवावं लागतं, आणि तिला स्वतःला थायरॉइड आहे. फोनवर म्हणाली, ‘अगं, गोळी थांबवून बघू का? 21 दिवसांचाच तर प्रश्न आहे.’ आणि मग हळूच, ‘माझंच कुठेतरी कमी पडतंय बहुतेक.’ या दुसऱ्या वाक्याने माझं डोकं फिरलं.

गोळीचं आधी. बाकीचा मेसेज नुसता आगाऊपणा आहे, हा भाग जिवाशी खेळ आहे. थायरॉइड मंदावला की थकवा येतो. रक्त कमी असेल, बी-12 घटलं असेल, साखर वाढली असेल किंवा नैराश्य असेल तरीही येतो, आणि यातलं काहीही माळ ओढून मोजता येत नाही. थायरॉइडची सकाळी उपाशीपोटी घ्यायची ती गोळी, लिव्होथायरॉक्सिन, शरीरातून फार सावकाश जाते. अर्धी उतरायलाच साधारण 7 दिवस लागतात. म्हणजे बंद केल्यावर सुरुवातीला काहीच बिघडत नाही. उलट जपाने मन जरा निवांत झालेलं असतं. माणूस खूश होतो, ‘बघा, गोळीशिवाय चाललं!’ आणि नेमका तेव्हाच आपला ‘अनुभव’ चार ग्रुपवर टाकून मोकळा होतो. पुढे अंग जड पडायला लागतं, थंडी वाजते, पोट साफ होत नाही, साधी नावं आठवत नाहीत. तोवर अनुभव शंभर जणांकडे पोचलेला असतो. आणि मेसेजवाल्याला विचारलंत तर उत्तर तयार: श्रद्धा कमी पडली. बरं वाटलं तर मेसेज खरा, नाही वाटलं तर तुम्ही खोटे. स्वतः चुकण्याची सोयच ठेवलेली नाही.

पहाटे तीन! जी बाई दोन वाजता नवऱ्याची कूस बदलून आडवी झाली, तिला तीनला उठवायचं. असल्या लोकांनी गीतेचा सहावा अध्याय काढावा. सोळाव्या श्लोकात भगवंत स्वच्छ सांगतात की अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि उपाशी राहणाऱ्यालाही नाही. अति झोपणाऱ्याला नाही आणि जागत बसणाऱ्यालाही नाही. पुढच्याच श्लोकावर ज्ञानेश्वर माउली लिहितात, ‘निद्रेही मानु दीजे । अवसरें एकें ॥’ झोपेलाही वेळच्या वेळी मान द्यायचा. माउलींना जे कळलं ते फॉरवर्ड करणाऱ्यांना कळू नये?

आणि खरा भक्त थकत नाही म्हणे. मग अर्जुन कोण होता? पहिल्याच अध्यायात त्याचे हातपाय गळतात, तोंडाला कोरड पडते, गांडीव हातातून निसटतं आणि तो रथात मटकन बसतो. बरं, दुसऱ्याच्या सुरुवातीला कृष्ण त्याला चांगलंच झापतो, हे कबूल. तेवढा श्लोक मेसेजवाल्यांना पाठ असतो. पण त्याने अर्जुन ताडकन उठत नाही. सातव्या श्लोकात तो म्हणतो, मला काही सुचत नाही, तुला शरण आलोय, तू सांग. शरणागती येते ती इथे, पार मोडून बसलेला असताना. बरं, शरण जाऊनही नवव्या श्लोकात ‘मी लढणार नाही’ म्हणून गप्पच! कृष्ण यावर त्याची श्रद्धा तपासत बसत नाही. किंचित हसून बोलायला लागतो आणि ते बोलणं पार अठराव्या अध्यायापर्यंत चालतं. तिथे ‘मला एकट्याला शरण ये’ म्हणतो, त्या श्लोकाचे शेवटचे शब्द ‘मा शुचः’, शोक करू नकोस. धाक नाही, अटी नाहीत, 21 दिवसही नाहीत.

रडू नका, तक्रार करू नका, यावर वेळ घालवत नाही. तुकोबा विठ्ठलाशी किती भांडले ते गाथेत उघड आहे.

मदत मागू नका, हे कुणी सुचवलं? जनाबाईच्या अभंगांत विठ्ठल स्वतः तिच्याबरोबर दळायला बसतो. मावशीचा मुलगा शेजारच्या खोलीत घोरतोय. रात्री दोनला त्याला हाक मारली तर कुठला देव रुसणार आहे?

राहता राहिलं विज्ञान. इथे नाइलाजाने थोडं मान्य करावं लागतंय. 2001 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता. जपमाळेवरची ख्रिस्ती प्रार्थना किंवा मंत्र म्हणताना श्वास मिनिटाला साधारण 6 पर्यंत संथ होतो आणि हृदयाच्या लयीवर त्याचा चांगला परिणाम दिसतो, असं त्यात आढळलं. म्हणजे जपाने जिवाला स्वस्थता मिळते हे खोटं नाही. मावशीला ती मिळते, मी पाहिलंय, आणि तिने जप सोडावा असं मी कधीच म्हणणार नाही. फक्त त्या अभ्यासात माणसं होती 23, सगळी निरोगी. गोळी बंद करून बघायला त्यांच्यातलं कुणी आजारीच नव्हतं.