बंदीत बोट नेली की तुरुंग? त्या व्हायरल मेसेजला उत्तर

पाऊस लांबतो, हा मेसेज लांबत नाही. जून उजाडला की दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत बडोद्यातल्या झाडून सगळ्या मराठी ग्रुपांवर तो हजर. मजकूर थोडक्यात असा: ‘१ जूननंतर समुद्रात बोट नेणाऱ्या कोळ्यावर थेट फौजदारी खटला आणि तुरुंग. गुजरातचे, पालघरचे कितीतरी मच्छीमार याच कायद्याखाली आत आहेत. परदेशी जहाजांना मात्र मोकळं रान. सुप्रीम कोर्टाने ही बंदी कधीच बेकायदा ठरवली आहे. बंदीत मासे विकणारा आणि घेणारा, दोघंही गुन्हेगार.’

शेवटापासून सुरुवात करतो, कारण बडोदेकरांचा खरा जीव तिथंच अडकलाय. बंदी मासा खाण्यावर किंवा विकण्यावर नाही, यांत्रिक बोटीने समुद्रात मासेमारी करण्यावर आहे. पश्चिम किनाऱ्यावर केंद्राने ठरवलेली मुदत १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस. आपल्या हद्दीत राज्य ती वाढवूही शकतं. बिनइंजिनाच्या होड्यांना ती लागू नाही. पूर्व किनाऱ्याची बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते, म्हणजे जूनच्या मध्यानंतर आपल्याकडे बोटी किनाऱ्याला लागलेल्या असतात तेव्हा तिकडच्या समुद्रात असतात. शिवाय खाडीचा, नदीचा, तळ्याचा मासा आहे, बर्फातला आहे. तेव्हा जुलैत सुरमई दिसली म्हणून विकणारीकडे संशयाने बघू नका. विक्रेत्याची मान अडकू शकते ती वेगळ्या ठिकाणी: महाराष्ट्रात पिल्लं विकण्यावर निर्बंध आहेत. चंदेरी पापलेट किमान १३५ मिलिमीटरचं हवं, आणि ते वीतभरसुद्धा नाही. ताटलीएवढ्या पापलेटाची सवय असलेल्यांना हा नियम ऐकूनच वाईट वाटेल.

आता मुख्य मुद्दा, फौजदारी खटल्याचा. बारा सागरी मैलांपर्यंतची, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंतची मासेमारी हा राज्याचा विषय. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१चा आहे, गुजरातचा २००३चा. महाराष्ट्रात या कायद्याचा भंग केला तर प्रकरण मॅजिस्ट्रेटपुढे जात नाही. पूर्वी ते तहसीलदारापुढे चालायचं. २०२१च्या दुरुस्तीनंतर ते जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाच्या सहायक आयुक्तापुढे, अभिनिर्णय अधिकारी (म्हणजे निवाडा करणारा) म्हणून, चालतं. गस्तीची बोट नौका पकडते, जागेची नोंद होते, जाळं बघितलं जातं, पंचनामा होतो. मासळी काही निकालाची वाट बघत थांबत नाही, म्हणून ती बंदरातच लिलावात जाते आणि पैसे जमा होतात. मग मालकाला नोटीस, सुनावणी, आदेश. शिक्षा दंडाची. पटली नाही तर अपील. या सगळ्यात तुरुंग कुठेच नाही.

पण दंड किरकोळ आहे असंही समजू नका. जुन्या कायद्यात तो पकडलेल्या मासळीच्या किमतीला बांधलेला होता. पंचनाम्यात मासळी कमी लिहिली की दंड आपोआप उतरला. दुरुस्तीनंतर विनापरवाना बोटीला ५ लाखांपर्यंत आणि एलईडी दिवे लावून किंवा बुल ट्रॉलिंगने (दोन बोटींनी मिळून एकच मोठं जाळं ओढत) मासेमारी केल्यास ५ ते २० लाख. परराज्यातली बोट सापडली तर २ ते ६ लाख आणि वर मासळीच्या किमतीच्या पाचपट. हा शेवटचा आकडा आपल्या गुजरातच्या बोटींनाही लागतो, आणि महाराष्ट्राच्या हद्दीत त्या पकडल्या जातातच.

गुजरातेत चित्र थोडं निराळं आहे. इथे बोटीला समुद्रात जाण्याआधी टोकन, म्हणजे त्या फेरीची परवानगी, घ्यावं लागतं, आणि टोकनशिवाय गेलेल्यांवर पोलीस गुन्हे नोंदवतात. तेव्हा ‘खटला कधीच होत नाही’ असं म्हणण्याइतका मी उदार नाही. तुरुंगाची खरी भीती मात्र दुसऱ्याच कायद्यात आहे. वेरावळकडचा व्हेल शार्क, ज्याला गुजरातेत लाडाने ‘व्हाली’ म्हणतात, २००१पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो मारला तर तीन ते सात वर्षं, तेही मॅजिस्ट्रेटपुढे रीतसर खटला चालवून. चुकून अडकलेला मासा जाळं कापून सोडून दिला तर वनखातं जाळ्याची भरपाई देतं. याबद्दल मेसेजात एक अक्षर नाही.

मेसेजातलं सगळ्यात उलटं चित्र म्हणजे ‘कायदा विरुद्ध कोळी’. कोकणातला पारंपरिक मच्छीमारच वर्षानुवर्षं ओरडतोय की कारवाई करा! एलईडीवाल्यांवर, पर्ससीनवाल्यांवर (थव्याभोवती जाळं टाकून ते खालून आवळणाऱ्यांवर), परराज्यातल्या ट्रॉलरवर. अखिल महाराष्ट्र मच्छीमार कृती समितीच्या मागण्या वाचल्या तर हेच दिसेल. केंद्राने एलईडी आणि बुल ट्रॉलिंगवर २०१७मध्येच बंदी घातली, तरी तक्रार थांबलेली नाही. अडचण पुराव्याची आहे. पकडलेला तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, म्हणतो, बोट बारा मैलांच्या बाहेर होती. मग गस्तीच्या नोंदीतले अक्षांश-रेखांश चोख असतील तरच प्रकरण टिकतं. आणि एका रात्रीत लाखोंची मासळी ओढणाऱ्या नाखव्याला दंड हा धंद्यातलाच एक खर्च वाटतो. मोठे सुटतात ही मेसेजामागची कुरकुर मला मान्य आहे. पण ते सुटतात ते कायदा ढिला चालतो म्हणून, आणि हा गृहस्थ कायदाच नको म्हणतोय.

‘आत असलेले मच्छीमार’ खरे आहेत, पण ते पाकिस्तानात आहेत. जलसीमा ओलांडली म्हणून तिथल्या सागरी सुरक्षा यंत्रणेने पकडलेले, बरेचसे कराचीच्या मलीर तुरुंगात. २००८च्या करारानुसार दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात, त्यात मच्छीमारांची नोंद वेगळी असते. ६१ दिवसांच्या बंदीशी याचा काडीचाही संबंध नाही. त्या घरांचं दुःख उचलून भलत्याच कायद्याला चिकटवणं मला चीड आणतं.

परदेशी जहाजांसाठी १९८१चाच वेगळा केंद्रीय कायदा आहे: आपल्या प्रादेशिक समुद्रात विनापरवाना मासेमारी केली तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मोकळं रान म्हणजे हे?

राहिलं सुप्रीम कोर्ट. केरळने पर्ससीन आणि तशाच रिंगसीन जाळ्यांवर घातलेली बंदी कोर्टाने १९९३मध्ये उचलून धरली, आणि पावसाळ्यातली ट्रॉलिंगबंदी १९९४मध्ये. धंद्याचं स्वातंत्र्य आहे, पण मासळीचा साठा आणि लहान मच्छीमाराचं पोट यांसाठी सरकार त्याला आवर घालू शकतं, असा त्या निकालांचा रोख. जानेवारी २०२३मध्ये तमिळनाडूच्या पर्ससीन बोटींना अंतरिम मुभा मिळाली, तीही फक्त बारा मैलांच्या बाहेर, सोमवारी आणि गुरुवारी, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. आतल्या पाण्यात राज्याची बंदी तशीच राहिली. ‘कधीच बेकायदा ठरवली’ म्हणणाऱ्याने निदान त्या निकालाची तारीख तरी मेसेजात घालावी.