समाजमंदिरांचे भूखंड फुकट मिळाले नव्हते

नवी मुंबईतील व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक मजकूर फिरत आहे. सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारे सरकारी महामंडळ, येण्यापूर्वी इथे केवळ ओसाड खाजण (खाडीकाठची खारी, दलदलीची जमीन) होते, समाजमंदिरे व मैदाने सरकारने रहिवाशांना फुकट दिली, ती महापालिकेने बांधली आणि आता त्यांचा वापर उरला नसल्याने ते भूखंड विकून टाकावेत, असे त्यात म्हटले आहे. यातील प्रत्येक विधान तपासून घेणे आवश्यक आहे.

पहिले विधान ओसाडपणाचे. मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचे जे क्षेत्र नव्या शहरासाठी ठरले, त्यात ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावे होती. खाडीचे पाणी बांध घालून रोखायचे आणि खाऱ्या जमिनीत भात पिकवायचा, हे काम एकट्यादुकट्या कुटुंबाचे नव्हे. बांध फुटला तर साऱ्या गावाला धावावे लागे. अशा आगरी-कोळी गावांचा हा भाग केवळ ओसाड होता, हे म्हणणे मुळातच टिकत नाही. एकत्र येण्याची जागाही या गावांकडे आधीपासून होती. गावदेवीच्या देवळासमोरचे अंगण हेच भजनाचे, जत्रेचे आणि गावकीच्या बैठकीचे ठिकाण होते.

‘फुकट दिली’ हे विधान मात्र केवळ चुकीचे नाही, तर अन्यायकारक आहे. नव्या शहरासाठी कवडीमोलाने जमिनी गेल्याच्या संतापातून शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या आंदोलनावर जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के योजना, म्हणजे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याची योजना, आली. ‘साडेबारा टक्के’ हे नाव सर्वांना ठाऊक आहे, पण प्रत्यक्ष हाती काय पडते याची चर्चा क्वचितच होते: या हिश्श्यातून ३.७५ टक्के जमीन सामाजिक सुविधांसाठी वजा केली जाते आणि शेतकऱ्याला ८.७५ टक्केच मिळते. याचा अर्थ असा की, जमीन संपादनात एकदा गेलीच होती, आणि परतीच्या हिश्श्यातूनही सार्वजनिक सोयींचा वाटा प्रकल्पग्रस्तांनीच पुन्हा दिला. हे ठाऊक असताना त्या सोयींना कुणी सरकारी दान म्हणावे, याचे मला अतिशय वाईट वाटते.

महापालिकेबद्दलचे विधान कालक्रमातच चुकते. तिचा कारभार १ जानेवारी १९९२ रोजी सुरू झाला, तर वाशीची वसाहत १९७० च्या दशकातच आकाराला येऊ लागली होती. शाळा, बाजार व समाजकेंद्र पायी जाण्याच्या अंतरावर असावे, या विचाराने सेक्टरांची आखणी सिडकोने केली. पुढे अनेक वास्तू महापालिकेकडे हस्तांतरित झाल्या. देखभालीचे श्रेय तिला जरूर द्यावे.

राहता राहिला वापराचा मुद्दा. सिडकोच्या बैठ्या घरांत किंवा एका खोलीच्या सदनिकेत बारसे, साखरपुडा वा दशक्रियेनंतरची पंगत होऊ शकत नाही आणि खासगी सभागृहाचे भाडे अशा कुटुंबांना परवडत नाही. एखादे समाजमंदिर बंद दिसत असेल, तर आधी त्याच्या आरक्षणाचे दर, वेळा आणि दुरुस्तीची स्थिती पाहावी. त्याउपरही भूखंड विकण्याचा प्रस्ताव कोणी मांडणारच असेल, तर ज्या गावांच्या हिश्श्यातून जमीन वजा झाली होती, त्या गावांची संमती प्रथम घ्यावी.