मुलांचं ई-बुक काढताय? मुलांना मधे आणू नका

लहान मुलांसाठी पुस्तक लिहायचं ठरवलंत, फार चांगलं केलंत. मोठ्यांसाठी लिहायचं म्हणजे आधी थोडं वाचलेलं असावं लागतं, भाषा लागते, संपादक नावाचा एक खडूस माणूस सहन करावा लागतो. पोरांचं तसं काही नाही. पाच वर्षांच्या पोराला काय कळतंय, एक ससा घ्यायचा, एक हत्ती घ्यायचा, दोघांनी मिळून जंगलातलं प्लास्टिक गोळा करायचं, झालं पुस्तक. बोधकथा म्हटलं की त्यात कथा कुठाय असं कोणी विचारत नाही.

एकच पथ्य पाळा, छापायच्या आधी, सॉरी, अपलोड करायच्या आधी गोष्ट कुठल्याही पोराला वाचून दाखवू नका. ते दुसऱ्या पानावर उठून पाणी प्यायला जातं आणि परत येत नाही, उगाच आपला मूड जातो. त्यापेक्षा रिटायर्ड मराठीच्या बाईंना दाखवा, त्या ‘संस्कारक्षम आहे हो’ म्हणतील, तेच प्रस्तावनेत टाका.

आता टायपिंग. ओळखीचा डीटीपीवाला असतोच, लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे फ्लेक्स करणारा. तो श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टात टाईप करून पेजमेकरमध्ये पानं लावून देईल, त्याला युनिकोड, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट दिसणारी अक्षरं, वगैरे विचारून दुखवू नका. तोच मजकूर उचलून किंडलच्या, म्हणजे अमेझॉनच्या ई-बुकच्या, फाईलमध्ये चिकटवलात की सशाच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंसांची रांगोळी येते. मग कुठल्यातरी फुकट कन्व्हर्टरमधून काढा. वेलांट्या एक घर सरकतील, ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होईल, ‘तुमच्या’तला च सुटा पडेल. मोठ्या माणसाला संदर्भाने कळतं. जे पोर आत्ता कुठे एकेक अक्षर जोडून वाचायला लागलंय त्याला नाही कळणार, पण ते काय रिव्ह्यू लिहिणार आहे का.

हे सगळं नकोच असेल तर सोपा उपाय म्हणजे अख्खं पान चित्र म्हणून टाकायचं, अक्षरांसकट. मोबाईलवर ती अक्षरं मुंगीएवढी दिसतात आणि सेटिंगमध्ये जाऊन मोठीही होत नाहीत, पण एकही वेलांटी हलत नाही! आणि फाईल होते मस्त २० एमबीची.

इथे जरा हिशोब बघा कारण अमेझॉनचं केडीपी, म्हणजे आपलं पुस्तक आपणच अपलोड करून विकायची सोय, फुकट आहे, मराठी चालतं, एवढं ऐकूनच आपण उडी मारलेली असते. ७० टक्के रॉयल्टी मिळते हे पण ऐकलेलं असतं. भारतातल्या विक्रीवर ती मिळवायची तर पुस्तक केडीपी सिलेक्ट नावाच्या योजनेत टाकावं लागतं, म्हणजे ९० दिवस ते ई-बुक दुसरीकडे कुठेही, अगदी स्वतःच्या वेबसाईटवरही विकायचं नाही. वर डिलिव्हरीचा, म्हणजे फाईल वाचकाला पोचवायचा, खर्च कापतात, दर एमबीला ७ रुपये. कादंबरीवाल्याला याचा पत्ताही लागत नाही, त्याची फाईल एक-दोन एमबीची. तुमच्या हत्तीच्या २० एमबीचे झाले १४० रुपये, आणि पुस्तक ठेवलंय ९९ला. मग गुपचूप ३५ टक्के रॉयल्टीवर यायचं, तिथे डिलिव्हरी कापत नाहीत, प्रतीमागे पस्तीसेक रुपये सुटतात. किंवा चित्रं दाबून दाबून पोस्टाच्या तिकिटाएवढी करायची. चित्रांच्या पुस्तकात चित्रं दिसलीच पाहिजेत असा काही कायदा नाही.

चित्रकार मात्र बघू नका. तो पैसे मागतो. ‘अरे तुझं नाव होईल’ सांगून बघा, हल्ली त्यांना नाव नको असतं, वीजबिल भरायचं असतं म्हणे. एआयकडून काढून घ्या. ससा पहिल्या पानावर पांढरा, तिसऱ्यावर करडा, पाचव्यावर त्याला सहा बोटं, एवढं चालतं. सप्टेंबर २०२३ पासून केडीपी अपलोड करताना एआय वापरलंय का विचारतं, तिथे हो म्हणून टाका आणि मुखपृष्ठावर ‘चित्रे’ लिहून पुढे स्वतःचं नाव घाला. मुलांची पुस्तकं काढणाऱ्या प्रथम बुक्सची स्टोरीविव्हर म्हणून एक वेबसाईट आहे, २०१५ पासून, खऱ्या चित्रकारांची भरपूर चित्रं तिथे क्रिएटिव्ह कॉमन्स नावाच्या खुल्या परवान्याखाली मोकळी ठेवलीयत, नाव दिलं की पुस्तकात वापरा, विकलंत तरी चालतं. तिकडे अजिबात फिरकू नका. एक तर दुसऱ्याचं नाव द्यावं लागतं, आणि तिथल्या मराठी गोष्टी चुकून वाचल्या तर आपला लिहायचा उत्साह जाण्याचा धोका आहे.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, पाहिजेच. किंडलच्या ई-बुकला तो लागत नाही, अमेझॉन स्वतःचा नंबर देतं, आणि हवाच असला तर दिल्लीच्या राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सीकडून ऑनलाईन अर्ज करून फुकट मिळतो. पण फुकट मिळालेल्या नंबरात काय मान? कोणीतरी ‘संपूर्ण पॅकेज’वाला भेटेल, त्याला दोन-तीन हजार द्या, वर सर्टिफिकेटही देतो, लॅमिनेट करून.

उरलेलं बजेट सोहळ्याला. हो, ई-बुकचाही सोहळा करतात. मुखपृष्ठाची फ्रेम करायची, तिला रिबीन बांधायची, नगरसेवक मिळाले नाहीत तर माजी नगरसेवक बघायचे, शाल-श्रीफळ, आणि वक्त्यांनी ‘आजची मुलं मोबाईलमध्ये डोकं घालून बसतात’ यावर अर्धा तास बोलून झाल्यावर पुस्तक मोबाईलवर कसं डाऊनलोड करायचं ते सांगायचं. मुलांना मागच्या रांगेत वेफर्स देऊन बसवा. ज्यांच्याकडे ई-बुक वाचायचं खरोखरचं किंडल यंत्र आहे त्यातल्या बहुतेकांचा स्क्रीन ब्लॅक अँड व्हाईट असतो, तेव्हा ‘लाल फुगा शोधा बघू’ असं पान असेल तर त्यांना फुगा करडाच दिसणार. शोधू देत. मेंदूला व्यायाम.

रिव्ह्यूसाठी फॅमिली ग्रुप आहेच. घरच्यांचे रिव्ह्यू अमेझॉनला चालत नाहीत आणि एकाच आडनावाचे अकरा जण एकाच संध्याकाळी ‘अप्रतिम’ म्हणाले तर ते उडवूही शकतात, म्हणून मावश्यांना दिवस वाटून द्या. त्यातली एक विकत घेईल. बाकीच्या ‘अभिनंदन रे, खूप मोठा हो’ लिहून, तीन गुलाब टाकून, खाली विचारतील, पीडीएफ आहे का? लगेच पाठवा. आणि वर ठळक अक्षरात ‘कृपया फॉरवर्ड करू नये’ असं लिहा, म्हणजे रात्रीपर्यंत सगळीकडे पोचेल.