‘जाळी काढून फेका’ म्हणणाऱ्या त्या व्हिडिओबद्दल

बोटीच्या इंजिनाचा एक व्हिडिओ सध्या ग्रुपाग्रुपावर फिरतोय, खाली लांबलचक मेसेज. म्हणणं थोडक्यात असं: मरीन पार्ट म्हणजे निव्वळ लूट, इंजिन तर गाडीचंच असतं. त्याच्यावर गाडीचं मोठं सिंगल प्लेन इनटेक मॅनिफोल्ड टाका (मॅनिफोल्ड म्हणजे कार्बोरेटरमधलं हवा-पेट्रोल सिलिंडरांना वाटणारा भाग, सिंगल प्लेन म्हणजे सगळ्यांना मिळून एकच पोकळी), कार्बोरेटरवरची जाळी काढून फेका, उघडा फिल्टर लावा. पॉवर वाढते, पेट्रोल निम्मं लागतं, अ‍ॅल्युमिनियम असल्यानं गंज नाही, अन् ३५० चं (३५० घनइंची, म्हणजे ५.७ लिटर इंजिनाचं) कुठलंही मॅनिफोल्ड बसतंच.

मी असले व्हिडिओ सोडून देतो, पण हा आला मेव्हण्याकडून. त्यानं अन् त्याच्या दोस्तांनी मिळून मुंबईकडची जुनी फायबरची स्पीडबोट पैठणला आणून ठेवलीय (परवानगीचं त्यांचं ते बघतील). आत ५.७ लिटरचं व्ही-८ पेट्रोल इंजिन, मॅनिफोल्ड थर्मोस्टॅटच्या तोंडाशी खाऱ्या पाण्यानं पार खाल्लेलं, म्हणजे नवीन तर घ्यायचंच आहे. फोनवर मला म्हणतो, “दाजी, ऑर्डर टाकू लालोय, अन् ती जाळी तेवढी काढून ठेवतो, हवा मोकळी होईल.” मोकळी होईल म्हणे!

तर जाळीपासूनच सुरू करतो, कारण बाकीच्यात चुकलं तर पैसे जातील, हिच्यात चुकलं तर माणसं जातील.

त्या जाळीला फ्लेम अरेस्टर म्हणतात. इंजिन थंड असलं, टायमिंग हललं, मिक्श्चर पातळ झालं की कधी कधी जाळ उलटा कार्बोरेटरमधून वर येतो, ज्याला आपण बॅकफायर म्हणतो. गाडीत हे झालं तर एक फटाका वाजतो अन् विषय संपतो, कारण बॉनेटखाली सगळं उघडं असतं, पेट्रोल गळलं तरी रस्त्यावर पडतं, वाफ उडून जाते. बोटीत इंजिन असतं बंद पेटीत, खाली बोटीचा तळ, अन् पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड, ती वर जातच नाही, तळाला साचून राहते. तळाला वाट ठेवावी तर पाणीच आत येईल. मग अशा पेटीत जाळ बाहेर पडला तर काय होईल ते व्हिडिओवाल्यानं नाही सांगितलं.

जाळीचं काम सोपं आहे. धातूच्या पातळ घड्यांतून हवा आत जाते, पण जाळ बाहेर यायला लागला की त्या घड्या त्याची उष्णता ओढून घेतात अन् तो विझतो. हम्फ्री डेव्हीनं १८१५ मध्ये कोळशाच्या खाणीसाठी जो दिवा केला त्यात हीच युक्ती होती. दोनशे वर्षं जुनी गोष्ट आहे ही, कुण्या कंपनीनं परवा लुटायला काढलेली नाही.

अन् पुरावाच पाहिजे ना? अमेरिकेच्या कोस्ट गार्डचा नियम बघा: २५ एप्रिल १९४० नंतर बोटीत बसवलेल्या प्रत्येक पेट्रोल इंजिनाला बॅकफायरचा जाळ अडवायची मान्य सोय पाहिजेच, फक्त आउटबोर्डला सूट. त्यांच्याच नियमात कार्बोरेटर चाचणीत ३० सेकंदांत ५ घनसेंटिमीटरपेक्षा जास्त पेट्रोल गळता कामा नये असंही आहे, अन् पेट्रोल बोटीवर जी पाटी लावायला लावतात तिच्यावर लिहिलेलं असतं की इंजिन चालू करायच्या आधी ४ मिनिटं ब्लोअर चालवा अन् तळाला वाफ आहे का बघा. ४ मिनिटं, नुसती वाफ काढायला! अन् हा बाबा उघडा फिल्टर लावा म्हणतो. अमेरिकेचा कायदा पैठणला लागू नाही हे मलाही कळतं, पण पेट्रोल तर तिकडं पेटतं तसंच इकडं पेटतं.

व्हिडिओखाली एकानं विचारलंय, आउटबोर्डला कुठं असली जाळी असते? अरे, आउटबोर्ड बोटीच्या मागं उघड्यावर टांगलेलं असतं, म्हणून तर सूट आहे. काहून असले प्रश्न टाकतात अन् वर शंभर लाइक मिळवतात, देव जाणे.

राहिलं ‘हवा अडते’. बरोबर मापाची अन् स्वच्छ जाळी या कामाला पुरेशी हवा देते. तेलानं चिकटलेली असली तर अडणारच, मग धुवा, वाळवा, परत बसवा.

याच ओघात कार्बोरेटरचंही. मरीन कार्बोरेटरच्या व्हेंटच्या (हवेच्या) नळ्या आत वळवलेल्या असतात, फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा आतला तरंगता भाग) अडकून पेट्रोल वर आलं तर ते इंजिनात जातं, पेटीत सांडत नाही. गाडीचं कार्बोरेटर तेच पेट्रोल बाहेर ओततं. स्टार्टर, अल्टरनेटरही बोटीला ठिणगी बाहेर न पडणारे लागतात. लूट कुठं आहे ह्याच्यात? किंमती जास्त आहेत हे मान्य, पण त्याचा राग जाळीवर काढू नका.

आता ‘इंजिन गाडीचंच असतं’. हे निम्मं खरं आहे, नाइलाजानं मान्य करतो. जनरल मोटर्सचा तोच स्मॉल ब्लॉक, म्हणजे हेच व्ही-८ इंजिन, गाडीत पण असतो अन् बोटीत पण. पण जालना रोडवर गाडी पळताना इंजिनाची थोडीशीच ताकद वापरली जाते, अन् बोट म्हणजे कायम शेतात नांगर ओढणारा ट्रॅक्टर, थ्रॉटल सोडलं की थांबलीच. बोट ढकलणाऱ्या पंख्याला (प्रोपेलरला) लागणारी पॉवर आरपीएमच्या साधारण घनानं वाढते, त्यामुळं वरचे शेवटचे पाचशे आरपीएम लई महाग पडतात.

म्हणूनच सिंगल प्लेन इथं चुकीचं. मॅनिफोल्ड बनवणाऱ्या एडलब्रॉकचं व्हिक्टर ज्युनिअर हे सिंगल प्लेन, कंपनीच सांगते ३५०० ते ८००० आरपीएमसाठी आहे. ह्या बोटीच्या इंजिनाचं फुल थ्रॉटल साधारण ४४०० ते ४८००. म्हणजे मॅनिफोल्ड जिथं खरं काम सुरू करतं तिथं तुमचं इंजिन संपत आलेलं. त्याच कंपनीचं ड्युअल प्लेन (दोन वेगळ्या पोकळ्यांचं) परफॉर्मर आयडलपासून ५५०० पर्यंतचं आहे, अन् बोट पाण्यावर उचलायला खालच्या आरपीएमचा टॉर्कच लागतो.

अन् पॉवर कमी वाटती त्याचं एक कारण आपल्या पायाखाली आहे. पैठणचं जायकवाडी धरण भरतं समुद्रसपाटीपासून १५२२ फुटाला, हे पेपर वाचणाऱ्या पोराला पण पाठ आहे. उंचीवर हवा विरळ, हजार फुटाला साधारण ३ टक्के पॉवर जाते, म्हणजे साडेचार टक्के इथंच गेले, मे महिन्याच्या गरम हवेचं वेगळं. मुंबईला समुद्रावर लावलेला पंखा इथं जड जाणारच. आधी पंख्याचा पिच (एका फेऱ्यात तो जितका पुढं सरकतो ते अंतर) एक इंच कमी करून बघा, दीडशे-दोनशे आरपीएम वाढतात, मॅनिफोल्डला हात न लावता.

अ‍ॅल्युमिनियमला गंज नाही म्हणे. लाल गंज नाही चढत, पण खाऱ्या पाण्यात लोखंडी हेडला (सिलिंडरच्या वरचा भाग, ज्याला मॅनिफोल्ड जोडतात) लागून बसलं की पांढरी पूड होऊन खड्डे पडतात. गोदावरीचं पाणी गोडं आहे म्हणून इथं चालून जाईल, एवढं देतो त्याला. उद्या बोट कोकणात विकायची म्हटलं तर अडचण.

‘कुठलंही बसतं’ हे साफ खोटं. १९९६ पासूनच्या व्हॉर्टेक (जनरल मोटर्सच्या नव्या प्रकारच्या) हेडला मॅनिफोल्डचे ८ बोल्ट, जुन्याला १२, एकाचं दुसऱ्यावर बसतच नाही, अन् १९८७ नंतरच्या काही जुन्या पद्धतीच्या हेडला मधल्या बोल्टचा कोन पण वेगळा. पैसे भरायच्या आधी खाली वाकून बोल्ट मोजा.

पेट्रोल निम्मं लागतं ह्याच्यावर लिहायला माझ्याकडं वेळ नाही.

मेव्हण्याला सांगितलंय ते असं: ड्युअल प्लेन, मरीन वापरासाठी विकतात तेच, बोल्ट मोजून. अन् इंजिनाच्या झाकणाखाली जागा किती आहे ते आधी बघ, जाळीवर कणकेचा गोळा ठेव, झाकण बंद कर, उघड, दबून गोळा किती जाड उरला ते मोज. नवीन मॅनिफोल्ड जुन्यापेक्षा जितकं उंच तितकी जागा तिथं उरली पाहिजे, नसेल तर बुटकं मॅनिफोल्ड शोध. जाळी जागेवरच राहील.